गूढ आणि गुप्त : रोमच्या भविष्यवेत्त्यांना लपावे का लागले?

मध्ययुगीन युरोपच्या कल्पित जगात घडणारे रोल-प्लेइंग खेळ आजची तरुण मंडळी खेळतात. १९८७ साली निघालेला ‘आर्स मॅजिका’ हा त्यांतला एक नावाजलेला खेळ. त्याचे जग म्हणजे तेराव्या शतकातला युरोप, पण तिथल्या दंतकथा खऱ्या मानलेला. अशा खेळांत आणि कादंबऱ्यांत एक कंपू वारंवार भेटतो : ख्रिस्ती राज्यात जुन्या देवांना धरून राहिलेली, भविष्य जाणणारी गुप्त मंडळी. तळघर, मेणबत्ती, शपथ, सांकेतिक खुणा, सगळा सरंजाम ठरलेला. हे लोक गुप्त का, असे मात्र कुणी विचारत नाही. भविष्य सांगणारे म्हणजे गुप्त असायचेच, असे आपण धरून चालतो.

आज आपण या गृहीतकालाच हात घालू. त्यासाठी इतिहासातली एक खरी मंडळी घेऊ : प्राचीन इटलीतले हारुस्पेक्स.

रोमच्या उत्तरेला, आज ज्या भागाला टस्कनी म्हणतात त्याच्या आसपास, एट्रुस्कन नावाचे लोक राहत. हारुस्पेक्स हे त्यांचे भविष्यवेत्ते. बळी दिलेल्या मेंढराचे यकृत, म्हणजे मटणाच्या दुकानात आपण ज्याला कलेजी म्हणतो ते, हातात घेऊन ते त्यावरच्या खुणा वाचत. वीज कुठून आली, कुठे पडली, यावरूनही अर्थ लावत. आकाशाचे त्यांनी सोळा भाग केले होते. १८७७ साली पिआचेन्झाजवळच्या एका शेतात यकृताची एक काशाची प्रतिकृती सापडली. तळहातापेक्षा थोडी मोठी. तिच्या कडेवर सोळा खाने आहेत आणि त्यांत देवांची नावे कोरलेली आहेत. आकाशाचा नकाशा यकृतावर उतरवलेला, असे म्हणा ना. ती प्रतिकृती शिकवण्यासाठी वापरत असावेत, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते.

ही विद्या अवघड होती. तिचे ग्रंथ होते : यकृताचे वेगळे, विजेचे वेगळे, विधींचे वेगळे. ती घराण्यात चाले, आणि एट्रुस्कन कुलीनांच्या मुलांनी ती शिकावी असा रोमच्या सेनेटचा आग्रह होता. पुढे साठ हारुस्पेक्सांचा अधिकृत संघ झाला. इ.स. ४७ मध्ये सम्राट क्लॉडियसने सेनेटपुढे बोलताना ही विद्या मागे पडत चालल्याची चिंता व्यक्त केली होती. आता बघा, ज्या मंडळींच्या भवितव्याची चर्चा भर सेनेटमध्ये होते, ती गुप्त कशी म्हणायची?

इथे आपल्याला मराठीतले दोन शब्द उपयोगी पडतात. एक ‘गूढ’ आणि दुसरा ‘गुप्त’. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांत फरक आहे. जे शिकल्याशिवाय कळत नाही ते गूढ. जे लोकांपासून लपवले जाते ते गुप्त. वैद्याचे नाडीज्ञान गूढ असेल, पण नाडी तो चारचौघांत बघतो. हारुस्पेक्सांची विद्या गूढ होती. त्यांचे काम मात्र उघड्यावर चाले.

ते कसे, हे एका उदाहरणावरून बघू. इ.स.पूर्व ५६ मध्ये रोमजवळ जमिनीतून चमत्कारिक आवाज ऐकू आला. सेनेटने हारुस्पेक्सांना विचारले. त्यांनी उत्तर दिले : देव रागावले आहेत, पवित्र जागा बाटवल्या गेल्या आहेत. आता कुठल्या जागा? क्लोडियस हा पुढारी म्हणाला, सिसेरोचे घर! कारण सिसेरो हद्दपार असताना त्या जागेचा काही भाग देवतेला वाहिला होता आणि परत आल्यावर त्याने तिथे पुन्हा घर उभारायला घेतले होते. सिसेरोने सेनेटमध्ये उभे राहून तेच उत्तर क्लोडियसवर उलटवले. ते भाषण आजही उपलब्ध आहे. थोडक्यात, भविष्यवेत्त्यांचे म्हणणे सगळ्यांपुढे आले, त्यावर वाद झाला आणि निर्णय सेनेटकडे राहिला.

म्हणून ती विद्या खरी ठरते का? मुळीच नाही. याच सिसेरोने इ.स.पूर्व ४४ च्या सुमारास शकुनविद्येवर एक संवादग्रंथ लिहिला आणि त्याच्या दुसऱ्या भागात या सगळ्याची चिरफाड केली. गंमत म्हणजे तो स्वतः पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्या शासकीय मंडळाचा सभासद होता. एक हारुस्पेक्स दुसऱ्याला बघून हसत कसा नाही याचे केटोला नवल वाटे, हा किस्साही त्यानेच नोंदवला आहे. पण अशी चिरफाड, अशी थट्टा शक्य कशी झाली? उत्तर सर्वांसमोर दिलेले होते म्हणून. उघड बोललेले चुकीचे आहे, असे म्हणता तरी येते.

मग हे लोक लपले कधी? प्रजासत्ताक जाऊन सम्राट आला तेव्हा.

प्रजासत्ताकात भविष्याचा प्रश्न सगळ्यांचा असतो. युद्ध जिंकू का? पीक येईल का? साम्राज्यात या सगळ्या प्रश्नांच्या पोटात एकच प्रश्न दडलेला असतो : सम्राट कधी मरणार आणि त्याच्या जागी कोण येणार? हा प्रश्न विचारणे म्हणजे अर्धा कट झालाच. इ.स. ११ मध्ये ऑगस्टसने भविष्यवेत्त्यांना एकांतात प्रश्न विचारायला मनाई केली, आणि मृत्यूबद्दलचा प्रश्न तर चारचौघांतही विचारायचा नाही असे ठरवले. टायबेरियसने हारुस्पेक्सांना साक्षीदारांशिवाय विचारण्यावर बंदी घातली. इथपर्यंत ख्रिस्ती धर्माचा काही संबंध नाही, हे लक्षात घ्या.

नंतर कॉन्स्टन्टाइन आला. इ.स. ३१९ च्या सुमाराचा त्याचा कायदा असा : हारुस्पेक्साने खाजगी घराचा उंबरठा ओलांडला तर त्याला जिवंत जाळावे. ज्याला भविष्य विचारायचे असेल त्याने सार्वजनिक वेदीपाशी जावे. इतकेच काय, राजवाड्यावर वीज पडली तर हारुस्पेक्सांना विचारावे, असेही याच सम्राटाने थोड्याच काळात लिहून ठेवले. राग विद्येवर नव्हता, बंद दाराआडच्या कुजबुजीवर होता. मग ३५७ मध्ये त्याचा मुलगा कॉन्स्टन्टियस याने भविष्य विचारण्यालाच सरसकट बंदी केली. उघड दार बंद झाले, आणि मंडळी खरोखरच आतल्या खोलीत गेली.

आतल्या खोलीत काय झाले? इ.स. ३७१-७२ च्या सुमारास अँटिओक शहरात एक खटला चालला. अम्मिआनुस मार्केलिनुस या इतिहासकाराने त्याची हकीकत सविस्तर दिली आहे. हे लोक हारुस्पेक्स नव्हते, पण खेळातल्या गुप्त मंडळीचा खरा नमुना तोच. काही जणांनी घरात तिवई मांडली, कडेला ग्रीक मुळाक्षरे असलेली थाळी ठेवली आणि तिच्यावर दोऱ्याला बांधलेली अंगठी झुलवली. आपल्याकडच्या प्लँचेटसारखाच प्रकार. प्रश्न : सम्राट व्हालेन्सनंतर कोण? अंगठी थीटा, एप्सिलॉन, ओमिक्रॉन या अक्षरांवर गेली, मग डेल्टावर. लगेच एक जण ओरडला, थिओडोरस! थिओडोरस नावाचा एक बडा अधिकारी होता, आणि तो या लोकांच्या मर्जीतला होता. प्रयोग तिथेच थांबला.

या क्षणाकडे नीट बघू या. चार अक्षरांनी सुरू होणारी नावे किती तरी होती. पण खोलीत ‘अहो, दुसरे नाव असेल की’ असे म्हणणारा कुणी नव्हता. सगळे एकाच इच्छेने जमलेले. सेनेटमध्ये क्लोडियसला सिसेरो भेटला. या खोलीत कुणाला कुणी भेटले नाही. बातमी फुटली. थिओडोरस मारला गेला, मंडळी मारली गेली, ग्रंथांचे ढीग जाळले गेले. एफिससचा तत्त्वज्ञ मॅक्सिमस याचे डोके उडवले, कारण त्याला हे भाकीत ठाऊक होते आणि तो बोलला नव्हता. व्हालेन्स ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत पडला. त्यानंतर पूर्वेकडचा सम्राट झाला त्याचे नाव थिओडोसियस. पहिली चार अक्षरे तीच! ज्यांना यात चमत्कार बघायचा त्यांनी बघावा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की त्या खोलीत कुणी शंका काढली असती, तर एका माणसाच्या डोक्यावर ते भाकीत लादले गेले नसते.

शेवटचा प्रसंग इ.स. ४०८ चा. अलारिकने रोमला वेढा घातला होता, लोक उपाशी मरत होते. झोसिमस सांगतो की काही एट्रुस्कन माणसे नगरप्रमुखाला भेटली. आमच्या विधींनी विजा कोसळतील, शत्रू पळेल, म्हणाली. बिशप इनोसन्टने म्हणे परवानगी दिली, पण गुपचूप करा या अटीवर. त्यावर ती माणसे म्हणाली, गुपचूप करून फळ नाही. सेनेटने कॅपिटॉल टेकडीवर चढायला हवे, विधी चौकात व्हायला हवा. कुणाचे धैर्य झाले नाही. शेवटी खंडणी भरली : ५,००० पौंड सोने, ३०,००० पौंड चांदी, रेशमी वस्त्रे, आणि ३,००० पौंड मिरी. आजच्या मापाने जवळजवळ एक टन. ही मिरी आपल्याकडच्या मलबार किनाऱ्यावरून गेलेली. झोसिमस जुन्या धर्माचा, त्यामुळे त्याचे सगळे जसेच्या तसे घेऊ नये. ख्रिस्ती इतिहासकार सोझोमेन याच माणसांबद्दल लिहितो, पण त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही असे म्हणतो. तरी झोसिमसच्या गोष्टीतले त्यांचे उत्तर ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यांना गुप्तता देऊ केली होती आणि त्यांनी ती नाकारली.

तेव्हा तुमच्यापैकी जे हे खेळ खेळतात त्यांना आमची एक सूचना. अशी गुप्त मंडळी उभी कराल तेव्हा तिला शपथा आणि खुणा देण्याआधी दोन प्रश्न विचारा. हिला तळघरात कुणी ढकलले? आणि तळघरात गेल्यावर, तुम्ही चुकता आहात हे हिला सांगणारे कोण उरले? बाकी विजेचे आणि यकृताचे तपशील पुस्तकांत भरपूर मिळतील.

इथे थांबू. आता प्रश्न विचारा, मोकळेपणाने आणि सगळ्यांसमोर.