होमोसिस्टीन वाढले, आता पुढे काय?

वडखळ नाक्यावर एक रस्ता अलिबागकडे वळतो, दुसरा गोव्याकडे जातो. ‘फुल बॉडी चेकअप’चे रिपोर्ट मात्र आता दोन्ही बाजूंच्या घरांत पोहोचले आहेत. पानेच्या पाने आकडे, त्यातला एखादा ठळक अक्षरांत: होमोसिस्टीन २८. कोणीतरी सांगते, हे हृदयाचे आहे, आणि घराची झोप उडते.

होमोसिस्टीन आपल्याच शरीरात, प्रथिनांतल्या मेथिओनीनपासून तयार होते. त्याची विल्हेवाट लावायला ब-१२, फोलेट आणि ब-६ ही जीवनसत्त्वे लागतात. ती कमी पडली की ते रक्तात साठते. साधारण १५ मायक्रोमोलच्या पुढचा आकडा वाढलेला धरतात. जन्मजात दोषामुळे ते अतोनात वाढलेल्या लहान मुलांच्या रक्तवाहिन्या खराब झालेल्या पाहून, अमेरिकेतील डॉ. किल्मर मॅक्कली यांनी १९६९ मध्ये त्याचा संबंध हृदयविकाराशी जोडला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६७ टक्क्यांत ब-१२ कमी होते, तर ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले. शहरी मध्यमवर्गात ब-१२ची कमतरता ८१ टक्के! शाकाहार हे त्याचे मोठे कारण होते, कारण ब-१२ भाजीपाल्यात नसतेच. पेण-वडखळकडे बांगडा, तारली खाणाऱ्यांना ही चिंता कमी. श्रावण पाळल्यानेही बिघडत नाही. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो. वर्षानुवर्षे शाकाहारी असलेल्यांनी, तसेच मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनी मात्र ब-१२ तपासून घ्यावे.

पण गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरवले तर हार्ट अटॅक टळतो का? २००६ मध्येच ‘होप-२’ आणि ‘नॉर्विट’ या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. जीवनसत्त्वांनी आकडा खाली आला, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. धूर हटवला म्हणून आग विझत नाही, तसेच हे. ब-१२ कमी असेल तर ते भरून काढायचेच, पण ते हातापायांच्या मुंग्या, अशक्तपणा, विस्मरण यांसाठी.

खरा घोटाळा पुढे होतो. जीवनसत्त्वांची महागडी डबी सुरू होते आणि बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी ‘आता कशाला’ म्हणून बंद पडते. त्याच रिपोर्टात एलडीएल १७० असते, तिकडे कोणाचे लक्ष नसते. एलडीएल, रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि तंबाखू, धोका मुख्यतः इथे ठरतो. ट्रायग्लिसराइड दीडशेच्या वर असेल तर ताटातला भाताचा ढीग, गोड चहा आणि दारू यांचा हिशेब आधी मांडावा. वडे तळायचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

आणि मासळी खाल्ली म्हणजे हृदय सुरक्षित, असेही नाही. खारवलेल्या मासळीत ब-१२ असते तसे मीठही भरपूर असते. रक्तदाब असलेल्यांनी पावसाळ्यात ती जपूनच खावी.