स्कॅनआधीचा एक तास

पेट-सीटी स्कॅनसाठी आलेल्या पेशंटला इंजेक्शन दिल्यावर लगेच मशीनवर घेत नाहीत. शांत, उबदार खोलीत त्याला सुमारे तासभर पडून राहायला सांगतात. मोबाइलवर गप्पा नाहीत, च्युइंगगम नाही, येरझाऱ्या नाहीत. अंगावर ब्लँकेट असतं. बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना वाटतं, मशीन अजून रिकामं झालेलं नसावं. प्रत्यक्षात तपासणी कधीच सुरू झालेली असते.

इंजेक्शनमधून शरीरात गेलेलं असतं एफडीजी, म्हणजे ग्लुकोजसारखाच एक रेणू, ज्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला आहे. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं वापरतात, हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवून दिलं. अनेक प्रकारच्या गाठी एफडीजीही तसंच खेचून घेतात आणि ते पेशींत अडकून बसतं. मशीन टिपतं ते हे साठे. पण ग्लुकोज काही फक्त गाठीलाच लागत नाही. बोलत राहिलं की स्वरयंत्राचे स्नायू ते घेतात, चघळत राहिलं की जबड्याचे. आदल्या दिवशी जिममध्ये घाम गाळला असेल तर मांड्या आणि दंड उजळून निघतात. थंडी वाजली तर मानेभोवतीची तपकिरी चरबी उष्णता तयार करू लागते आणि नेमक्या लसिकाग्रंथींच्या आसपासच ठिपके चमकायला लागतात. ब्लँकेट असतं ते यासाठी.

उपाशीपोटी येण्याची अटही अशीच. किमान चार ते सहा तास पोटात पाण्याशिवाय काही नको. चहा-बिस्किटं घेतली की इन्सुलिन वाढतं, ते ग्लुकोज स्नायूंकडे वळवतं आणि गाठीच्या वाट्याला कमी येतं. ‘थोडंसंच तर खाल्लं’ म्हणून कुणी ते सांगितलंच नाही, तर असलेली गाठ फिकी दिसण्याचा धोका असतो. रक्तातली साखर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बरीच केंद्रं तपासणी पुढे ढकलतात. हृदयातल्या सार्कॉइडोसिस या दाहक आजाराचा शोध घ्यायचा असेल तर पथ्य आणखी वेगळं: आधी भरपूर स्निग्ध आणि जवळजवळ पिष्टरहित जेवण, मग लांबलचक उपास. निरोगी हृदयाने ग्लुकोज सोडून चरबीवर चालावं आणि उजळावा तो फक्त आजारी भाग, हा त्यामागचा हेतू. तेच मशीन आणि तेच औषध, पण प्रश्न बदलला की प्रोटोकॉल बदलतो.

प्रोटोकॉल म्हणजे प्रतिमा कशी घ्यायची याची लिहून ठेवलेली, सगळ्यांनी सारखीच पाळायची पद्धत. पेशंटची तयारी, औषधाची मात्रा, वेळ, मशीनची सेटिंग्ज, प्रतिमा तयार करण्याचं गणित असं सगळं त्यात येतं. ही पद्धत काटेकोर का असावी लागते, हे कळायला घड्याळाचं उदाहरण पुरेसं आहे. फ्लोरिन-१८चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटं. गाठीने किती एफडीजी घेतलं, हा आकडा डॉक्टर ‘एसयूव्ही’ या मापाने सांगतात. तो काढताना दिलेली मात्रा, पेशंटचं वजन आणि इंजेक्शनपासून गेलेला वेळ धरावा लागतो. इंजेक्शनच्या खोलीतलं घड्याळ आणि मशीनचं घड्याळ यांत दहा मिनिटांचा फरक असेल तर एवढ्यानेच आकडा सुमारे सहा टक्क्यांनी चुकतो. शिवाय बऱ्याच गाठी तासानंतरही एफडीजी ओढतच राहतात. पहिला स्कॅन ६० मिनिटांनी आणि दुसरा ९० मिनिटांनी काढला, तर तसूभरही न वाढलेली गाठ कागदावर बळावलेली दिसू शकते.

या आकड्यांवर आणि रंगछटांवर उपचार ठरतात. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात किमोच्या दोन सायकलनंतर पेट स्कॅन करतात. गाठीची चमक यकृताच्या चमकेशी ताडून १ ते ५ गुण द्यायची पद्धत २००९ साली फ्रान्समधल्या दोव्हिल गावी भरलेल्या बैठकीतून पुढे आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॅथल’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत बाराशेहून अधिक पेशंट होते. ज्यांचा स्कॅन स्वच्छ आला, त्यांच्यापैकी निम्म्यांचं फुप्फुसांना अपाय करू शकणारं ब्लिओमायसिन हे किमोतलं औषध बंद केलं. आजार आटोक्यात राहण्यात फारसा फरक पडला नाही, फुप्फुसांचा त्रास मात्र कमी झाला. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णालयांनी स्कॅन आपापल्या मर्जीने काढले असते, तर ‘स्वच्छ’ या शब्दाला काही अर्थच उरला नसता.

मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे फ्लोरिन-१८सारखे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र, बसला. आता पेट स्कॅन केंद्रं महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत आहेत. म्हणून पेशंटचा एक स्कॅन एका गावात आणि पुढचा दुसऱ्या गावात होणं सहज घडतं, आणि दोन्हीकडची पद्धत जुळत नसेल तर तुलना फसते.

संशोधनात काटेकोरपणा आणखी वाढतो. अल्झायमरवरचा ‘अ‍ॅडनी’ हा प्रकल्प अमेरिका आणि कॅनडातल्या पन्नासेक केंद्रांवर २००४ साली सुरू झाला. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग निरोगी वृद्धांत वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास आक्रसतो, अल्झायमरमध्ये चार-साडेचार टक्के. इतका बारीक फरक मोजायचा तर तराजू सगळीकडे एकच हवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एमआरआय मशीनना जुळेल असा प्रोटोकॉल आधी आखला गेला. मग पोटात दीडशेहून जास्त लहान गोळे बसवलेला एक प्लास्टिकचा गोळा केंद्रांना दिला. त्या गोळ्यांच्या जागा पक्क्या ठाऊक, त्यामुळे मशीन प्रतिमा किती वेडीवाकडी करतंय ते लगेच कळायचं.

प्रतिमा वाचणाऱ्या संगणकांनी एकसारख्या पद्धतीचा हा प्रश्न नव्याने उभा केला आहे. न्यूमोनिया ओळखायला शिकवलेली एक प्रणाली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१८ साली तपासली. छातीचा एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे, हे ती जवळजवळ अचूक ओळखत होती. टेक्नॉलॉजिस्ट फिल्मच्या कोपऱ्यात ठेवतात त्या धातूच्या खुणेसारख्या गोष्टीही तिला पुरत होत्या. ज्या रुग्णालयात न्यूमोनिया जास्त, तिथला एक्स-रे दिसला की निदानाचा कल तिकडे झुकायचा. बाहेरच्या रुग्णालयांचे एक्स-रे आले की तिची अचूकता बहुतेकदा घसरायची.

पेशंटच्या हातात यातलं बरंच काही असतं. औषधं, मधुमेह, शेवटचं खाणं हे टेक्नॉलॉजिस्टला खरं सांगावं. उपचाराचा परिणाम पाहायचा स्कॅन शक्यतो पहिल्याच केंद्रात, त्याच मशीनवर करावा. दुसरं मत घ्यायला जाताना छापील फिल्म आणि रिपोर्ट एवढंच न नेता सीडीही न्यावी. तिच्यातल्या डायकॉम फाइलमध्ये चित्रासोबत मशीनचं मॉडेल, कापांची जाडी आणि पेट स्कॅन असेल तर सहसा पेशंटचं वजन, औषधाची मात्रा, इंजेक्शनची वेळही नोंदलेली असते. नव्या डॉक्टरांना दोन स्कॅन शेजारी ठेवताना याच नोंदी लागतात.