समूहमतानुवर्तन : अ‍ॅश यांच्या प्रयोगांचा फेरविचार

समूहमतापुढे व्यक्ती नमते, हे सिद्ध करणारा प्रयोग म्हणून सॉलोमन अ‍ॅश (१९०७–१९९६) यांच्या संशोधनाचा निर्देश पाठ्यपुस्तकांत वारंवार आढळतो. हा निर्देश खोटा नसला तरी अपुरा आहे.

मुझफर शेरीफ यांनी १९३५ मध्ये अंधाऱ्या खोलीतील प्रकाशबिंदू किती सरकला, असे प्रयुक्तांना विचारले होते. बिंदू वस्तुतः स्थिरच होता. अशा संदिग्ध स्थितीत इतरांच्या अंदाजाचा आधार घेणे शहाणपणाचेच म्हणावे लागेल. अ‍ॅश यांनी १९५० नंतरच्या आपल्या प्रयोगांत ही संदिग्धताच काढून टाकली. एका कार्डावर एक रेषा, दुसऱ्यावर तीन. त्यांतील पहिलीएवढी कोणती, एवढेच सांगावयाचे. गटात खरा प्रयुक्त एकच. इतर सर्व जण पूर्वसंकेतानुसार अठरांपैकी बारा वेळा एकमुखाने चुकीचे उत्तर देत.

एकंदर १२३ प्रयुक्तांच्या या निर्णयांपैकी ३६·८ टक्के बहुमताच्या बाजूने चुकले. एरवी चुकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. बहुतेक विवेचने येथेच थांबतात. परंतु जवळजवळ दोन-तृतीयांश उत्तरे अचूक होती आणि सुमारे एक-चतुर्थांश प्रयुक्त एकदाही ढळले नाहीत! पाठ्यपुस्तकांतील हा विपर्यास फ्रेंड, रॅफर्टी व ब्रॅमेल यांनी १९९० मध्ये दाखवून दिला.

प्रयोगोत्तर मुलाखती अधिक उद्बोधक आहेत. नमलेल्यांपैकी फारच थोड्यांना रेषा खरोखर तशी दिसली होती. बहुतेकांनी दोष आपल्याच दृष्टीचा मानला. काहींना आपले उत्तर चूक असल्याचे पुरते ठाऊक होते, केवळ वेगळे पडणे नको होते. वर्तन एकच, पण त्यामागील प्रक्रिया तीन. केवळ टक्केवारी मोजणाऱ्यास हा भेद कसा दिसावा?

विरोधकांची संख्या तीनपर्यंत वाढली की दडपण जवळजवळ पूर्ण होते. त्यापुढील भर फारशी परिणामकारक ठरत नाही. उलट, खरे बोलणारा एकच सोबती लाभला की चुका सुमारे एक-चतुर्थांशावर येतात. सोबत्याने बहुमताहून अधिक चुकीचे उत्तर दिले तरीही प्रयुक्तास बळ मिळते. म्हणजे एकमत भंगणे हेच महत्त्वाचे. हा सोबती मध्येच बहुमतास जाऊन मिळाला, तेव्हा चुका पुन्हा पूर्वीइतक्याच वाढल्या. तो काही निमित्ताने खोलीबाहेर गेला, तेव्हा मात्र चुका वाढल्या त्या बऱ्याच कमी. त्याचा आधार त्याच्या मागेही टिकून राहिला.