शेतातून ताटात (लेखांक ६) : निर्यातीच्या द्राक्षाला पहारा, बाजारच्या वांग्याला कोण?

कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण मागच्या आठवड्यात आपण पाहिला. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पण तो रंग फवारणाऱ्यासाठी असतो. खाणाऱ्याच्या कामाचं जे आहे ते डब्यासोबतच्या घडीपत्रिकेत, बारीक अक्षरात छापलेलं असतं: हे औषध कोणत्या पिकासाठी मंजूर आहे, आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम तुमच्या-माझ्या ताटाशी जोडले जातात ते या दोन ओळींतून.

सोनई परिसरात ऊस आणि कांदा ही मोठी पिकं. वाळवून घोडेगावच्या बाजारात जाणाऱ्या कांद्याची मला तेवढी काळजी नाही. तो जमिनीत पोसतो, काढल्यावर सुकतो, वरची सालं निघून जातात. काळजी आहे ती त्याच्या पातीची. फुलकिडे पातीच्या बेचक्यात दडून बसतात. पात मेणचट असल्याने थेंब ओघळून जातो, म्हणून द्रावणात चिकटद्रव घालतात. म्हणजे औषध पातीवर टिकून राहावं, अशीच सगळी व्यवस्था. तीच पात कोवळी उपटून जुडी बांधली, की आठवडी बाजारातून थेट झुणक्यात.

वांगी, भेंडी, मिरची यांचं दुखणं आणखी खोल आहे. वांग्याचा तोडा तीन-चार दिवसांनी येतो. पत्रिकेवरची मुदत अनेकदा त्याहून लांब असते. मुदत पाळायची तर एक तोडा झाडावर सोडावा लागतो. वांगी जून होतात, हातचे पैसे जातात. शेंडेअळी तर थांबत नाही. अशा वेळी शेतकऱ्याला बेफिकीर म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. नियम लिहिताना तोड्याचं वेळापत्रक कुणी विचारात घेतलं, हाही प्रश्न विचारायला हवा.

मालात उतरलेला अंश किती चालेल, याची मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवतं. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा नाही, तिथे सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात. दहा-दहा टनांचे शंभर ट्रक माल, आणि त्या सगळ्यात मिळून फक्त दहा ग्रॅम औषध! मर्यादा कडक आहे. पण मोजणार कोण?

द्राक्षात मोजतात. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले, कंटेनर अडकले आणि बागायतदार हवालदिल झाले. कृषी निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था तेव्हाही होती. प्रत्येक बागेची नोंद, बागेतून नमुना, अहवाल बरा आला तरच माल पुढे. पण तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं. त्यानंतर यादी वाढली, तपासणी आवळली गेली. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या कामाचा कणा आहे. म्हणजे आपल्याला हे जमतं. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी जमतं. आठवडी बाजारातल्या ढिगात मात्र दहा शेतांचा माल एकत्र होतो. नमुना घेतला आणि दोष सापडला, तरी बोट कोणत्या बांधाकडे दाखवायचं?

बंदीची गतही पाहा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ मध्ये मनाई झाली, पण दुसऱ्या पिकांसाठी ते दुकानात मिळतच राहिलं. २०१३ मध्ये बिहारमधल्या एका शाळेत मध्यान्ह भोजनातून हेच विष पोटात जाऊन २३ मुलं दगावली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. मोनोक्रोटोफॉसच्या नेहमीच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला तो २०२३ मध्ये. भाजीवर घातक ठरलेलं औषध पुढे अठरा वर्षं फडताळावर राहिलं. एवढा उशीर मला अक्षम्य वाटतो.

म्हणूनच विषाची गरजच कमी करणारी शेती मला जास्त भरवशाची वाटते, आणि तिचा दाखला उसातच आहे. २००२ मध्ये सांगलीकडून लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, तिच्यातून पाझरणारा चिकटा, त्यावर काळी बुरशी. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कसं? अखेर मावा आटोक्यात आणला तो त्याला खाणाऱ्या किड्यांनी: डिफाच्या अळीने आणि मायक्रोमसने. डिफा असलेली पानं एका फडातून तोडून दुसऱ्या फडात टाचली गेली. जिथे फवारणी टाळली, तिथे हे मित्रकीटक टिकले. वांग्यातही कामगंध सापळे, किडका शेंडा वेळेवर खुडून नष्ट करणं, निंबोळी अर्क यांनी विषारी फवारण्या कमी करता येतात. सापळा लावला म्हणून तोडा थांबवावा लागत नाही.

पूर्ण सेंद्रिय व्हायचं तर वाट अवघड आहे, हेही सांगायलाच हवं. प्रमाणपत्राआधी हंगामी पिकाला दोन आणि बहुवार्षिक पिकाला तीन वर्षं संक्रमणाची. त्या काळात उत्पन्न घटण्याची भीती असते आणि माल विकायचा साध्याच भावात. शिवाय वाऱ्याबरोबर शेजारच्या रानातला फवारा येतो. त्यासाठी बांधाला लागून पट्टा सोडायचा, तर दोन एकरवाल्याकडे सोडायला जागा किती? सरकारने अनुदान द्यायचंच तर या दोन-तीन वर्षांच्या तुटीला द्यावं, नुसत्या गांडूळखताच्या टाक्यांना नव्हे. आणि प्रत्येक बाजार समितीत भाजीच्या क्रेटवर शेताचा क्रमांक सक्तीचा करावा, म्हणजे द्राक्षाचा पहारा वांग्यालाही लागू होईल.

एकट्याला न पेलणारं प्रमाणपत्र गटाने कसं मिळवायचं, त्या पीजीएस पद्धतीचे कागद आणि खर्च पुढच्या लेखांकात पाहू.