देवमाशाच्या मागे चार वर्षे

संध्याकाळ झाली की आपण बटण दाबतो आणि दिवा लागतो. या उजेडासाठी कुठे कोणी घाम गाळला असेल, हा विचार आपल्या मनाला शिवत नाही. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिका आणि युरोपातल्या अनेक घरांत देवमाशाच्या तेलावर दिवे जळत. ते तेल आणणाऱ्या खलाशाचे आयुष्य कसे होते, ते आज पाहू या.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले न्यू बेडफर्ड हे बंदर म्हणजे या धंद्याचे माहेरघर. १८५७ साली या एका बंदराची ३२९ जहाजे देवमाशांच्या शिकारीवर होती. शेतावरची पोरे, अझोर्स आणि केप व्हर्द बेटांवरचे खलाशी, गुलामगिरीतून निसटलेले कृष्णवर्णीय, पॅसिफिकमधले बेटवासी अशी नाना तऱ्हेची माणसे त्यांवर भरती होत. एकदा नांगर उचलला की तीन-चार वर्षे घराचे दर्शन नाही. गालापागोस बेटांपैकी एकावर खलाशांनी एक पिंप ठेवले होते. घरी लिहिलेली पत्रे त्यात टाकायची आणि परतीच्या वाटेवरच्या जहाजाने ती उचलायची. हेच त्यांचे टपाल!

राहायची जागा जहाजाच्या पुढच्या टोकाला, डेकखाली. अंधारी, कोंदट खोली, भिंतीला लागून फळ्यांचे बिछाने. खायला खारवलेले मांस आणि दगडासारखी बिस्किटे. दिवसभर पाळीपाळीने डोलकाठीवर चढून समुद्र न्याहाळायचा. कुठे पाण्याचा फवारा दिसला की आरोळी ठोकायची.

मग होड्या पाण्यात उतरत. जेमतेम तीस फुटांची होडी, त्यात सहा माणसे आणि समोर पन्नास-साठ फुटांचा स्पर्म व्हेल. पुढचा माणूस दोर बांधलेला हार्पून फेकी. पण त्याने देवमासा मरत नसे, फक्त होडीशी जखडला जाई. बिथरलेला मासा मैलोन्‌मैल होडी फरफटत नेई. दोर खुंट्याला इतका घासे की त्यावर पाणी ओतावे लागे. मासा दमला की अधिकारी लांब भाल्याने त्याचा जीव घेई. कधी पारडे उलटेही फिरे. २० नोव्हेंबर १८२० रोजी पॅसिफिक महासागरात एका स्पर्म व्हेलने धडका देऊन ‘एसेक्स’ हे जहाजच बुडवले. त्यावरच्या वीस जणांपैकी आठच वाचले.

शिकार साधली तरी विश्रांती नाही. चरबीचे पट्टे सोलायचे, तुकडे करायचे आणि डेकवरच्या विटांच्या भट्टीत मोठाल्या कढयांतून तेल काढायचे. जळण म्हणून त्याच चरबीचा उरलेला चोथा. रात्रंदिवस काम, धूर, दुर्गंधी आणि पायाखाली तेलाने निसरडे झालेले डेक.

आणि मोबदला? पगार नव्हताच, हिस्सा होता. पुढे ‘मोबी डिक’ लिहिणारा हर्मन मेलव्हिल १८४१ मध्ये, एकविसाव्या वर्षी, ‘अ‍ॅकुश्नेट’ जहाजावर चढला. त्याचा हिस्सा होता एकशेपंच्याहत्तरावा. समजा, चार वर्षांत पन्नास हजार डॉलरचे तेल मिळाले, तर अशा खलाशाच्या वाट्याला २८५ डॉलर. म्हणजे महिन्याला जेमतेम सहा. त्यातूनही जहाजावर उधारीने घेतलेले कपडे आणि तंबाखू यांचे पैसे कापले जात. काही जण चार वर्षे राबून रिकाम्या हाताने उतरत. पुष्कळ जण वाटेतच पळून जात. मेलव्हिलही १८४२ मध्ये मार्केझास बेटांवर पळाला.

लुईस टेंपल या कृष्णवर्णीय लोहाराची कथा याच जातीची. १८४८ च्या सुमारास त्याने असा हार्पून घडवला की तो एकदा रुतला की निसटतच नसे. त्याने पेटंट घेतले नाही. इतरांनी तो हजारोंनी बनवून विकला.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि स्वस्त रॉकेलने देवमाशाच्या तेलाची सद्दी संपवत आणली. १८७१ साली आर्क्टिकच्या बर्फात तेहतीस जहाजे अडकली. बाराशेहून अधिक माणसे बचावली, पण धंद्याचे कंबरडे मोडले. देवमाशांची शिकार मात्र थांबली नाही. विसाव्या शतकात यंत्रांच्या बळावर ती कितीतरी वाढली. आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकारीवरच्या स्थगितीचा निर्णय घेतला तो १९८२ साली.

२००७ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ मारलेल्या एका देवमाशाच्या अंगात जुन्या स्फोटक भाल्याचा तुकडा सापडला. त्या बनावटीचे पेटंट १८७९ चे. शंभराहून अधिक वर्षे तो मासा तो तुकडा अंगात घेऊन पोहत होता. भाला मारणारा खलाशी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेला. त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही. त्या काळच्या घराघरांतल्या उजेडाची किंमत या दोघांनी मोजली होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)