डेसिबल, वॅट आणि व्होल्ट

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की हडपसरला ‘आकाशवाणी’ नावाचा बसथांबा लागतो. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. त्याच्या ७९२ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरीसाठी पुढे हडपसरला १०० किलोवॅटचा प्रक्षेपक वापरात आला. आता असं पाहा, तिथून एक लाख वॅट निघतात. आणि दूरच्या ग्राहकयंत्राला मिळणारा संदेश काही वेळा वॅटच्या लक्षांशाचाही लक्षांश नसतो. एका टोकाला लाख, दुसऱ्या टोकाला दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग. असे आकडे लिहिताना एखादं शून्य सुटलं की सारा हिशेब दसपटीने चुकतो.

टेलिफोनच्या इंजिनिअरांनाही हीच अडचण होती. मैलोगणती तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो, हे त्यांना मोजायचं होतं. त्यातून १९२० च्या दशकात अमेरिकेत एक माप रूढ झालं आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून त्याला ‘बेल’ म्हणू लागले. बेलचा दहावा भाग तो डेसिबल.

डेसिबल हे किलो किंवा लिटरसारखं माप नव्हे. ते ‘कितीपट’ एवढंच सांगतं. शक्ती दसपट झाली की १० डेसिबल वाढतात, शंभरपट झाली की २०, हजारपट झाली की ३०. म्हणजे गुणाकाराच्या जागी नुसती बेरीज येते. शक्ती दुप्पट झाली तर सुमारे ३ डेसिबल वाढतात, निम्मी झाली तर ३ उतरतात.

पण कितीपट म्हटलं की कशाच्या, हा प्रश्न येतोच. एक मिलिवॅट म्हणजे शून्य, असं ठरवलं की त्या मापाला ‘डीबीएम’ म्हणतात. हडपसरचे १०० किलोवॅट म्हणजे दहा कोटी मिलिवॅट. एकावर आठ शून्ये. म्हणून ८० डीबीएम. अगदी क्षीण संदेश समजा उणे १०० डीबीएम आहे. दोहोंत अंतर १८० डेसिबलचं, म्हणजे शक्तीत एकावर अठरा शून्ये इतक्या पटींचं. आपल्या जुन्या गणनेतला परार्धसुद्धा एकावर सतरा शून्यांवर थांबतो!

आता व्होल्टकडे वळू. इथे विद्यार्थी हमखास विचारतात, की शक्तीला दहाने गुणायचं आणि व्होल्टेजला विसाने, असं का? उत्तर घरातल्या विजेच्या शेगडीत आहे. व्होल्टेज निम्मं झालं तर शेगडीची उष्णता निम्मी होत नाही, साधारण पाव होते. कारण रोध तोच असेल तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज दसपट झालं की शक्ती शंभरपट होते, आणि शंभरपट म्हणजे २० डेसिबल. डेसिबल दोन प्रकारचे नाहीत. विसाचा आकडा त्या वर्गातून आला आहे.

शिक्षकांनी फळ्यावर हे उदाहरण जरूर मांडावं. रोध ५० ओहम धरा. शक्तीला रोधाने गुणून वर्गमूळ काढलं की व्होल्टेज मिळतं. एका मिलिवॅटला ते ०.२२४ व्होल्ट येतं. हे शून्य डीबीएम. आता दर २० डेसिबलला दसपट करा. ८० डीबीएमला दहा हजारपट, म्हणजे सुमारे २,२४० व्होल्ट. उणे १०० डीबीएमला लाखाने भागा. उरतात सव्वादोन मायक्रोव्होल्ट.

रोध बदलला की उत्तरही बदलतं, हे मात्र विसरू नये. टेलिफोनच्या जुन्या ६०० ओहमच्या रिवाजात तोच एक मिलिवॅट ०.७७५ व्होल्ट देतो. टीव्हीच्या केबलचा रोध ७५ ओहम असतो आणि तिथे पुष्कळदा एक मायक्रोव्होल्ट हे शून्य धरतात. त्या मापाने ६० डेसिबल म्हणजे एक मिलिव्होल्ट. हाच संदेश डीबीएममध्ये लिहिला तर उणे ४९ च्या आसपास येतो. एक आकडा अधिक ६०, दुसरा उणे ४९, आणि संदेश एकच! म्हणून कुणी नुसतं “साठ डेसिबल आहे” म्हणालं, तर आधी दोन गोष्टी विचाराव्यात : शून्य कुठे धरलं, आणि रोध किती?

या हिशेबाचा रेडिओ ऐकणाऱ्यालाही उपयोग आहे. मोबाइलचा चार्जर किंवा एलईडी दिवा जवळ असला की मध्यम लहरीवर खरखर वाढते. रेडिओ त्यापासून दूर ठेवला, थोडा फिरवून पाहिला आणि खरखर ६ डेसिबलने उतरली, तर कार्यक्रम आणि खरखर यांचं प्रमाण चौपट सुधारलं. तेवढीच सुधारणा केंद्राकडून हवी असेल, तर १०० किलोवॅटचा प्रक्षेपक ४०० किलोवॅटचा करावा लागेल. त्याचं वीजबिल फार मोठं येईल. रेडिओ खिडकीशी नेऊन ठेवायला काहीच खर्च नाही.