रिपोर्टमध्ये ‘अबनॉर्मल’ लिहिलंय?

पिंपळगाव राजाहून खामगावला जाऊन पॅप टेस्ट करून घ्यायची, काही दिवसांनी कागद हातात यायचा, त्यावर इंग्रजीत ‘अबनॉर्मल’ असा एक शब्द. की झालं! घरात रडारड, नाही तर कागद थेट गादीखाली. मैत्रिणींनो, दोन्ही नको. आधी तो कागद समजून घेऊ या.

या तपासणीत गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अबनॉर्मल म्हणजे त्यातल्या काही नेहमीसारख्या दिसल्या नाहीत, एवढंच. ‘इन्फ्लमेटरी’ असेल तर ती सूज, पुष्कळदा जंतुसंसर्गाची. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल. तो बऱ्याच जणींचा आपोआप ओसरतो, पण डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी हवीच. ‘एचएसआयएल’ मात्र अंगावर काढायचा शब्द नव्हे. तोही बहुधा कर्करोग नसतो, त्याच्या आधीची पायरी असते. मग कोल्पोस्कोपी करतात, म्हणजे दुर्बिणीतून तोंड नीट पाहतात आणि शंका आली तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. बिघडलेला तेवढाच भाग काढता येतो किंवा गोठवून नष्ट करता येतो. नुसत्या पॅपच्या कागदावर कुणी ‘पिशवीच काढून टाका’ म्हणालं, तर आधी तुकडा तपासण्याचं विचारा. आपल्याकडे पिशवी काढायची घाई फार!

हे बदल बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात. तो शरीरसंबंधातून येतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. संसार करणाऱ्या बहुतेकांना तो कधी ना कधी गाठतोच. तेव्हा कागद पाहून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्यांना हे जरूर ऐकवा.

तपासणीनं जीव वाचतो का, हे शेजारच्या मराठवाड्यातच पाहिलं गेलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय त्यात होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आले. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, तिथं या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. पॅपच्या गटात तेवढा फरक दिसला नाही. म्हणून ही तपासणी कुठं होते, तेही विचारून ठेवा.

जाताना जुना रिपोर्ट न्या. पाळीचे दिवस टाळा. पाळी गेलेल्या बायांनीही जायचं. आणि संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर आधीचा रिपोर्ट चांगला असला तरी थांबू नका.